खोडकिड्याचें पंचांग

भाताच्या शेतांतून हिंडतांना कित्येकदां असें दृष्टीस पडतें कीं, सभोंवारचें पीक हिरवेंगार असतां एखाद्या चुडांतील मधला पोंगा मात्र वाळून पिवळा पडलेला आहे. तो बोटांनीं धरून किंचित् ओढला तर सहज हातांत येतो, आणि त्याच्या बुडाशीं कुरतडल्याची खूण दिसते. पुढें पीक निसवलें म्हणजे त्याच शेतांत कांहीं लोंब्या ताठ उभ्या व पांढऱ्याफटक दिसूं लागतात. दाण्यानें भरलेली लोंबी भारानें वांकते. ह्या वांकत नाहींत, कारण त्यांत दाणाच नसतो, सारी पळींज असते. हा उद्योग खोडकिड्याचा होय. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांच्या घरीं भातशेती आहे त्यांस ह्या शत्रूची ओळख नव्यानें करून देण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु जी गोष्ट ह्या लेखांत आम्हांस सांगावयाची आहे ती ह्या किड्याच्या रूपाविषयीं नसून त्याच्या काळवेळेविषयीं आहे. आणि ती मात्र शेतकऱ्यांच्या घरींहि सर्वांस ठाऊक असते असें नाहीं.

प्रश्न असा कीं, एका जातीचा किडा सर्व मुलुखांत एकाच वेळापत्रकानें जगतो काय? पुस्तकांत आपण वाचतों कीं, अमुक किड्याचीं अंडीं इतक्या दिवसांत उबतात, अळी इतके दिवस खाते, कोश इतके दिवस राहतो, आणि वर्षांत इतक्या पिढ्या होतात. हें वाचून आपला असा समज होतो कीं, हे आंकडे त्या जातीच्या अंगावर जन्मतःच कोरलेले आहेत. वस्तुस्थिति तशी नाहीं. एकाच जातीचे किडे निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या रीतीनें आयुष्य घालवितात. कोठें वर्षांतून एकदां जन्मतात, कोठें तीनदां. कोठें गाढ झोंपतात, कोठें सावध. आणि हे भेद पुष्कळ वेळां केवळ हवामानाचे नसून वंशपरंपरेचे असतात. ज्याला किड्यापासून पीक वांचवावयाचें आहे त्याला हें कळणें अत्यंत अगत्याचें आहे. कारण औषध कोणतें ह्याइतकेंच औषध केव्हां ह्यालाहि महत्त्व आहे.

ह्या विषयाचा जितका सूक्ष्म अभ्यास जपानांत झाला आहे तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. म्हणून तेथील एक किडा आम्ही उदाहरणादाखल घेतों. आपल्या कोंकणांत मुख्यत्वेंकरून जो आढळतो तो पिवळा खोडकिडा होय. त्याच्या मादीच्या पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो, आणि ती आपलीं अंडीं पिवळट लवीनें झांकून टाकते. जपानांतील ज्या किड्याची हकीकत आम्ही सांगणार आहों तो त्याचा भाऊबंद, पट्टेरी खोडकिडा होय. शास्त्रीय भाषेंत त्याचें नांव कायलो सप्रेसॅलिस असें आहे. वॉकर नांवाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें इ. स. १८६३ मध्यें त्याचें पहिलें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याचा पतंग वाळलेल्या गवताच्या रंगाचा असून अळीच्या पाठीवर लांबीच्या दिशेनें पांच तपकिरी पट्टे असतात. तो जपान, कोरिया, चीन व पूर्वेकडील इतर भातांच्या देशांत पसरलेला आहे.

जपानी लोकांनीं ह्या दोन किड्यांस दिलेलीं नांवें मोठीं बोधप्रद आहेत. पट्टेरी किड्यास ते ‘निकामेइगा’ म्हणतात, म्हणजे वर्षांत दोन पिढ्यांचा खोडपतंग. आणि पिवळ्या किड्यास ‘सांकामेइगा’, म्हणजे तीन पिढ्यांचा. नांव ठेवणाऱ्यांनीं किड्याचा रंग पाहिला नाहीं, त्याच्या पिढ्या मोजल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तेंच महत्त्वाचें, कारण जितक्या पिढ्या तितक्या वेळां पिकावर धाड. परंतु गंमत अशी कीं, ह्या ‘दोन पिढ्यांच्या’ किड्याची जपानच्या अगदीं उत्तरेस, होक्काइदो बेटावर, वर्षांत एकच पिढी होते. मधल्या बहुतेक प्रांतांत दोन होतात. आणि दक्षिणेकडील उबदार किनाऱ्यावर, कोचि प्रांतांत, तिसरीहि होते. देश एक, किडा एक, आणि नांवाला न जुमानणारीं अशीं तीन वेळापत्रकें!

ह्याचें कारण समजण्यासाठीं प्रथम ह्या किड्याचें वर्षचक्र पाहूं. पतंगाची मादी भाताच्या पात्यावर माशाच्या खवल्यांप्रमाणें एकावर एक रचून अंड्यांचा पुंजका घालते. सुमारें आठवड्याभरांत अंडीं उबतात. लहान अळ्या प्रथम पात्याच्या आवरणांत दाटीनें एकत्र राहतात. नंतर खोडांत शिरतात आणि मोठ्या होत जातात तसतशा शेजारच्या खोडांत पांगतात. अळीची पूर्ण वाढ झाली म्हणजे ती खोडांतच कोश करते, आणि कोशांतून पुन्हां पतंग बाहेर पडतो. ही पहिली पिढी लावणीनंतरच्या कोंवळ्या पिकांत वाढते व पोंगे सुकविते. दुसरी पिढी पीक निसवण्याच्या सुमारास येते व लोंब्या पांढऱ्या करिते. दुसऱ्या पिढीच्या अळ्या मात्र पूर्ण वाढूनहि कोश करीत नाहींत. कापणीनंतर धसकटांत किंवा पेंढ्यांत त्या निश्चल पडून राहतात आणि साऱ्या हिंवाळ्यांत कांहीं न खातां झोंप घेतात. वसंत ऋतु आला म्हणजे त्या कोश करितात, व त्यांतून निघालेले पतंग नव्या भाताकडे उडत जातात.

आतां वर्षांत पिढ्या किती होणार हें प्रथम उष्णतेवर अवलंबून आहे. कीटकाचें रक्त आपल्याप्रमाणें सदा एकाच मानानें उष्ण नसतें; सभोंवारची हवा जशी, तसें त्याचें शरीर. थंडी एका मर्यादेखालीं गेली कीं त्याची वाढ थांबते. ह्या किड्याच्या बाबतींत ती मर्यादा साधारण १० ते १२ अंश सेंटिग्रेडच्या आसपास आहे. त्या मर्यादेच्या वर जितकी ऊब असेल तितकी रोज जणूं त्याच्या खात्यावर जमा होत जाते, आणि ठराविक रक्कम भरली म्हणजे एक पिढी पुरी होते. थंड प्रांतांत उन्हाळा आंखूड, म्हणून खात्यांत एकाच पिढीपुरती रक्कम जमते. उबदार प्रांतांत दोन किंवा तीन पिढ्यांपुरती जमते. एथपर्यंत हिशेब सरळ आहे.

परंतु केवळ उष्णतेच्या हिशेबावर किडा जगूं लागला तर तो फसेल. समजा, आश्विनांत हवा अजून उबदार आहे. खात्यांत रक्कम शिल्लक आहे म्हणून अळीनें कोश केला, पतंग बाहेर आला, आणि त्यानें अंडीं घातलीं. तोंच थंडी पडली आणि शेतेंहि कापून झालीं. मग त्या पिल्लांस खावयास काय मिळणार? ती संपूर्ण पिढी बुडाली. म्हणून संकट येण्यापूर्वींच ‘आतां थांब’ असें सांगणारी खूण किड्यास हवी. अशी खूण उष्णतेची असूं शकत नाहीं, कारण उष्णता लहरी आहे. एका वर्षीं थंडी लवकर येते, दुसऱ्या वर्षीं उशिरा. जी खूण कोणत्याहि वर्षीं चुकत नाहीं ती एकच, आणि ती म्हणजे दिवसाची लांबी. उन्हाळा सरूं लागला कीं दिवस रोज थोडा थोडा लहान होत जातो, आणि अमुक तारखेस तो किती लांब असावयाचा हें शेंकडों वर्षें बदलत नाहीं. वाढत्या वयांतील अळी ही लांबी ओळखते. दिवस एका विशिष्ट मर्यादेहून लहान झाला कीं ती, हवा उबदार असतांहि, कोश न करतां झोंपेची तयारी करते. ह्या झोंपेस शास्त्रज्ञ सुप्तावस्था म्हणतात.

ही झोंप शरीराच्या आंत कशी घडून येते ह्याचा शोध फुकाया व मित्सुहाशि ह्या दोन जपानी शास्त्रज्ञांनीं इ. स. १९५० नंतरच्या वर्षांत लाविला. किड्याच्या डोक्यांत मेंदूला लागून कांहीं अतिसूक्ष्म ग्रंथि असतात. त्यांतून जो रस पाझरतो तो अळीला अळीच ठेवतो, म्हणून त्यास बाल्यरस म्हणावें हें ठीक. अळी कोशावस्थेस जाण्यापूर्वीं हा रस सामान्यतः आटतो. परंतु झोंपलेल्या खोडकिड्याच्या अंगांत तो आटत नाहीं. तो चालू राहतो आणि तोच कोश होण्यास अडवून धरितो. म्हणजे ही झोंप म्हणजे शक्तिपात नव्हे. पहारेकऱ्यानें दार मुद्दाम लावून धरावें, तशी ती शरीरानेंच राखलेली अवस्था आहे.

एवढें समजल्यावर आपण मूळ प्रश्नाकडे वळूं. जपानी शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या प्रांतांतील अळ्या जमवून त्यांची तुलना केली, तेव्हां त्यांस ह्या एकाच जातींत निरनिराळीं स्थानिक कुळें आढळून आलीं. त्यांपैकीं दोन विशेष प्रसिद्ध आहेत. एक ‘शोनाइ’ कुळ. शोनाइ हें जपानी समुद्राच्या कांठचें, यामागाता प्रांतांतील, सुमारें ३९ अक्षांशावरील भाताचें मैदान होय. तेथें हिंवाळ्यांत बर्फ फार पडतें. दुसरें ‘साइगोकु’ कुळ. साइगोकु म्हणजे पश्चिमेकडील देश. नैर्ऋत्य जपानच्या उबदार प्रांतांत हें कुळ नांदतें. ह्यांखेरीज शिकोकु बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील कुळास तेथील जुन्या मुलुखाच्या नांवावरून ‘तोसा’ म्हणतात. शोनाइ कुळाची झोंप उथळ असते, ती लवकर सुटते, आणि ऊब मिळतांच त्या अळ्या झपाट्यानें कोश करितात. साइगोकु कुळाची झोंप गाढ असते व ती सुटण्यास अधिक काळ लागतो.

प्रथमदर्शनीं हें उलटें वाटतें. जेथें हिंवाळा कडक तेथें झोंप गाढ असावी, असें कोणीहि म्हणेल. परंतु थोडा विचार केला म्हणजे ह्यांतील सोय ध्यानांत येते. उत्तरेकडे थंडी इतकी सलग असते कीं, किड्यास झोंपवून ठेवण्याचें काम ती स्वतःच करिते. तेथें अडचण झोंपेची नसून उठण्याची आहे. उन्हाळा थोडका, म्हणून जो उशिरा उठेल त्याची पिढी अपुरी राहील. दक्षिणेकडे ह्याच्या उलट. तेथें शरदांत व वसंताच्या आरंभीं मधून मधून उबदार दिवस येतात. तेवढ्या उबेनें किडा जागा झाला तर त्याचा पतंग लावणीपूर्वींच बाहेर पडेल आणि शेतांत भाताचें रोपहि नसेल. म्हणून तेथें अशा फसव्या उबेनें न मोडणारी गाढ झोंपच हितकर. एकास लवकर उठण्याची गरज, दुसऱ्यास उशिरापर्यंत निजण्याची. ज्याची त्याची झोंप ज्याच्या त्याच्या मुलुखास बेतलेली आहे.

येथें एक शंका घेण्यासारखी आहे. हे भेद खरोखर कुळाचे कशावरून? शोनाइची अळी थंडींत वाढली म्हणून तशी, आणि साइगोकुची उबेंत वाढली म्हणून तशी, असें कां नसावें? ही शंका योग्य आहे, आणि तिचें निरसन करण्याची शास्त्राची रीत फार सोपी आहे. दोन्हीं कुळांस एकाच पंक्तीस बसवावयाचें. म्हणजे दोन्हीं प्रांतांतील किड्यांची संतति एकाच खोलींत, त्याच उष्णतेंत, त्याच उजेडांत आणि त्याच खाद्यावर वाढवावयाची. हवा, पाणी व अन्न सर्व सारखें असतांहि भेद राहिला, तर तो रक्तांतलाच म्हटला पाहिजे.

ह्या रीतीचा एक नामांकित प्रयोग रशियांत झाला. लेनिनग्राडच्या विद्यापीठांतील दानिलेव्स्कि नांवाच्या शास्त्रज्ञानें एका निशाचर पतंगाचीं निरनिराळीं कुळें, कृष्णसमुद्रकांठच्या सुखुमिपासून थेट लेनिनग्राडपर्यंतचीं, एकाच परिस्थितींत वाढविलीं. इ. स. १९६१ मध्यें त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सुखुमिचें कुळ दिवस सुमारें साडेचौदा तासांहून लहान झाला कीं झोंपेची तयारी करी. लेनिनग्राडचें कुळ दिवस सुमारें १९ तासांहून लहान होतांच तसें करी. दर ५ अक्षांशांस ही मर्यादा सुमारें दीड तासानें बदलते, असें त्यास आढळलें. दक्षिण व उत्तर कुळांचा संकर केला तेव्हां संततीची मर्यादा दोहोंच्या मधली निघाली. ह्यावरून किड्याचें घड्याळ त्याला आईबापांकडून मिळतें, हें निर्विवाद ठरलें. जपानच्या खोडकिड्यांतहि अक्षांशाप्रमाणें ही मर्यादा बदलते असें तेथील शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे.

थंडी सोसण्याच्या शक्तीचीहि तीच कथा. हिंवाळ्यांत झोंपलेली अळी आपल्या शरीरांत ग्लिसरॉल नांवाचा गोडसर, चिकट पदार्थ सांठविते. मोटारीच्या पाण्यांत तें गोठूं नये म्हणून थंड देशांत एक द्रव मिसळतात, त्याच जातीचें ह्या पदार्थाचें काम. अळीच्या शरीरांतील ह्या सांठ्यांत व थंडी सोसण्याच्या शक्तींत शोनाइ आणि साइगोकु ह्या कुळांमध्यें भेद आहे, हें दोन्हीं कुळें शोनाइच्याच हिंवाळ्यांत ठेवून तपासण्यांत आलें आहे.

भेद केवळ अक्षांशानेंच पडतो असेंहि नाहीं. जपान व चीन ह्या देशांत पाणथळ जागीं एक उंच गवत उगवतें; जपानी लोक त्यास ‘माकोमो’ म्हणतात. चीनमध्यें त्याची मुद्दाम लागवड करितात व त्याचें फुगलेलें खोड भाजी म्हणून खातात. पट्टेरी खोडकिडा ह्या गवतावरहि जगतो. भाताचें शेत आणि माकोमोचा ताटवा कित्येकदां शेजारी शेजारी असतात. तरी माकोमोवर वाढलेले किडे अंगानें मोठे असतात. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, भातावरील पतंगांचें मीलन रात्रीच्या पहिल्या भागांत होतें, तर माकोमोवरील पतंगांचें पुष्कळ उशिरा. एका गांवांत दोन बाजार भरावे, एक सांजेस आणि एक उत्तररात्रीं, मग दोहोंचीं गिऱ्हाइकें एकमेकांस कशीं भेटणार? त्याप्रमाणें शेजारीं राहूनहि हे दोन समूह बऱ्याच अंशीं वेगळे राहतात. नवी जात जन्मास येण्याची वाट कोणती असूं शकेल, ह्याची ही एक झलक आहे असें कित्येक शास्त्रज्ञांस वाटतें.

उलट बाजूस, विषुववृत्ताजवळच्या देशांत दिवसाची लांबी फारशी बदलत नाहीं आणि थंडीहि पडत नाहीं. फिलिपाइन्समधील लोस बान्योस येथें, जेथें इ. स. १९६० मध्यें आंतरराष्ट्रीय भात-संशोधन संस्था स्थापन झाली, वर्षांतील सर्वांत लांब दिवसहि सुमारें तेरा तासांचाच असतो. तेथें भात मिळेल तोंवर पिढीमागून पिढी चालूं राहते, आणि एकाच शेतांत अंडीं, अळ्या, कोश व पतंग हीं सर्व एकाच वेळीं आढळतात. होक्काइदोची वर्षांत एक पिढी कोठें, आणि हा अखंड ओघ कोठें!

आतां कोणी म्हणेल, ह्या ज्ञानाचा शेतकऱ्यास उपयोग काय? उपयोग मोठा आहे. अळी एकदां खोडांत शिरली म्हणजे वरून शिंपडलेलें बहुतेक औषध तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. अंडें उबून अळी खोडांत शिरेपर्यंतचे जे थोडे दिवस, तेवढेच तिला गांठण्याचे. ते दिवस उत्तरेस एक, दक्षिणेस दुसरे. साइगोकुच्या पंचांगानें शोनाइमध्यें औषध मारणारा शेतकरी पैसा व श्रम फुकट घालवील. इतकेंच नव्हे, तर शेतांतील कोळी, चतुर इत्यादि किडे खाणारे आपले मित्र मारून शत्रूचा मार्ग मोकळा करील. म्हणूनच इ. स. १९४१ मध्यें जपान सरकारनें देशभर कीड-पूर्वसूचनेची योजना सुरू केली. आदल्या वर्षीं तुडतुड्यांनीं भाताची मोठी हानि केली होती, तिचा हा धडा. त्या योजनेंत ठिकठिकाणीं रात्रीं दिवे लावून पतंग मोजीत व त्यावरून त्या त्या प्रांतास स्वतंत्र सूचना देत. एकच सूचना साऱ्या देशास पुरणार नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें होतें.

औषधें नव्हतीं त्या काळांत तर पंचांग हेंच शस्त्र होतें. नैर्ऋत्य जपानांत पिवळ्या खोडकिड्याच्या उपद्रवास कंटाळून शेतकरी लावणीच उशिरा करीत. वर्षांतील पहिले पतंग उडत, त्यांस भाताचें पीक उभें सांपडत नसे, आणि भाताखेरीज दुसऱ्या कशावर हा किडा सहसा जगत नसल्यामुळें पहिली पिढी अंडीं घालण्यास जागा न मिळून क्षीण होई. इ. स. १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत पॅराथियॉन नांवाचें जालीम विष आलें आणि लावणी लवकर करणें शक्य झालें. तें विष मनुष्यासहि घातक होतें. शेतकरी त्यानें विषबाधा होऊन मेले, आणि १९७१ पर्यंत त्याचा वापर तेथें बंद करण्यांत आला. पुढें पट्टेरी किड्याचाहि उपद्रव जपानांत १९६० नंतर ओसरत गेला. त्याचीं कारणें अनेक सांगतात: औषधें, बारीक खोडाच्या नव्या भातजाति, यंत्रानें कापणी व पेंढ्याचे तुकडे होणें, आणि लवकर उरकणारा हंगाम. चीनमध्यें मात्र १९९० नंतर हा किडा पुन्हां बळावला. तेथें एकाच टापूंत कांहीं शेतें एका पिकाचीं व कांहीं दोन पिकांचीं अशी सरमिसळ झाली. म्हणून किड्याच्या प्रत्येक पिढीस कोठें ना कोठें योग्य वयाचें भात तयार मिळूं लागलें. शिवाय जाड खोडाचे संकरित भात आले. आणि २०१० नंतरच्या दशकांत नव्या औषधांनाहि न जुमानणारीं कुळें कांहीं जिल्ह्यांत आढळलीं. म्हणजे औषध सोसण्याची शक्तिहि सर्व ठिकाणीं सारखी नसते.

ह्यांत आम्हां कोंकणस्थ शेतकऱ्यांस लागू पडणारें पुष्कळ आहे. आमच्याकडे सर्वांत लांब दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारें अकरा तासांचा. बर्फ नाहीं, कडक थंडी नाहीं. तेव्हां जपानच्या तारखा आपल्यास निरुपयोगी आहेत, हें उघड आहे. परंतु जपानची रीत निरुपयोगी नाहीं. जेथें पावसाळी भात हेंच एकटें पीक आहे, तेथें पिवळ्या खोडकिड्याची अळी कापणीनंतर धसकटांत पडून राहते व पुढल्या पावसाळ्याची वाट पाहते. जेथें पाण्याची सोय होऊन वायंगण भात होऊं लागलें आहे, तेथें तिला वाट पाहण्याचें कारण राहत नाहीं. एका नदीच्या दोन कांठांवरील दोन गांवांत, एकांत वायंगण आहे व दुसऱ्यांत नाहीं एवढ्याच कारणानें, किड्याचें पंचांग वेगळें होऊं शकतें. मग एका गांवचा सल्ला दुसऱ्यानें डोळे मिटून कसा घ्यावा?

ट्रायकोकार्डाचें उदाहरण घ्या. ट्रायकोग्रामा नांवाची एक अतिसूक्ष्म माशी खोडकिड्याच्या अंड्यांत आपलीं अंडीं घालते व तीं आंतल्या आंत नष्ट करते. अशा माशांचीं कार्डें शेतांत टांगण्याचा सल्ला कृषि-अधिकारी देतात, आणि तो उत्तम आहे. परंतु शेतांत खोडकिड्याचीं ताजीं अंडीं असतील तरच त्या माशीस काम आहे. आठवडा अगोदर टांगलें तर ती उपाशी मरेल. आठवडा उशिरा टांगलें तर अळ्या खोडांत शिरून बसलेल्या असतील. कार्ड तेंच आणि माशी तीच. यश किंवा अपयश ठरवितो तो दिवस.

तो दिवस कोणी सांगावा? ज्याचें शेत, त्यानेंच तो शोधिला पाहिजे, आणि येथेंच आमच्या विद्यार्थ्यांस करण्याजोगें काम आहे. लावणी झाल्यापासून कापणीपर्यंत, शेताच्या बांधावर रात्रीं पहिल्या प्रहरांत एक दिवा टांगावा, खालीं पाण्याची परात ठेवून पाण्यावर थोडें रॉकेल घालावें, आणि सकाळीं त्यांत पडलेले पिवळे, ठिपकेवाले पतंग मोजून तारखेसह वहींत लिहावे. पात्यांच्या शेंड्यांकडे लवीनें झांकलेले अंड्यांचे पुंजके दिसतात काय तें पाहावें. सुकलेले पोंगे किती व पांढऱ्या लोंब्या किती, तेंहि टिपावें. कापणी जमिनीलगत केली कीं उंच केली, धसकटें नांगरून टाकलीं कीं तशींच राहिलीं, शेजारीं वायंगण आहे कीं नाहीं, ह्याची नोंद ठेवावी. एका वर्षाच्या नोंदीवरून कांहीं ठरणार नाहीं. परंतु तीन-चार वर्षांच्या नोंदी शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे आपल्या गांवचा किडा केव्हां उठतो व केव्हां निजतो हें दिसूं लागेल. कर्जतच्या भात-संशोधन केंद्रासारख्या ठिकाणच्या तज्ज्ञांनीं दिलेला सल्लाहि अशा नोंदीच्या आधारें अधिक नेमका वापरतां येईल. कारण आपल्या शिवाराच्या तारखा आपण स्वतः लिहून ठेविल्याखेरीज त्यांस कोठून कळणार?

खोडकिडा पुस्तक वाचीत नाहीं. तो दिवसाची लांबी, हवेची ऊब आणि भाताचें वय वाचतो, आणि आपल्या मुलुखाप्रमाणें वागतो. त्याचें हें वाचन जो शिकेल त्याच्याच कणगींत दाणा अधिक पडेल. येत्या पावसाळ्यांत ज्यांच्या घरीं लावणी आहे त्यांनीं आवण काढण्यापूर्वींच एक कोरी वही बाजूस ठेवावी, एवढीच आमची सूचना आहे.